कोथिंबीर फुलू द्यावी काय?

भाजीच्या वाफ्यात नीतीचा प्रश्न तो कसला, असे कोणी विचारील. चोरी, खोटी साक्ष, हुंडा, दारू हे नीतीचे विषय. मेथी आणि टोमॅटो हे स्वयंपाकघराचे. पण पवित्र शास्त्राच्या वाचकाला असे सहज म्हणता यायचे नाही. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता तो कशासाठी? किल्ल्यासाठी नव्हे, देवळासाठीही नव्हे. तो राजवाड्याला लागून होता आणि तेथे राजाला भाजीचा मळा करावयाचा होता (१ राजे २१). एवढ्यासाठी खोटे साक्षीदार उभे राहिले आणि एका माणसाला धोंडमार झाली. तेव्हा परसातला वाफा जात्याच निष्पाप असतो असे नाही. तो कोणाचा, किती आपला, आणि ज्यांनी तो खणला नाही त्यांचा त्यात काही वाटा आहे काय, हे प्रश्न कुंपणाच्या आतच असतात.

राजाची गोष्ट मोठी आहे. येथे मी अगदी लहान प्रश्न घेणार आहे: कोथिंबीर फुलावर आली म्हणजे ती उपटून जागा मोकळी करावी, की तशीच उभी राहू द्यावी?

बेळगाव असो, वडोदरा, इंदूर की हैदराबाद, आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या घरामागे दहा-बारा फुटांचा तुकडा असतो. जेथे तोही नाही तेथे गच्चीवर तेलाचे रिकामे डबे असतात. त्यात टोमॅटो, वांगी, थोडी मेथी, कुंपणावर चवळी किंवा घेवडा, मोरीच्या पाण्यावर अळू. आणि या सर्वांच्या फटीफटीतून वासाची झाडे: कोथिंबीर, शेपू, ओवा, गवती चहा, भिंतीशी कढीपत्ता. पुदिना तेवढा फुटक्या बादलीत लावावा, नाही तर एका पावसाळ्यात तो सारा वाफा आपल्या नावावर करून घेतो. बाकीच्यांचे भाज्यांशी बरे जमते.

धने रगडून, दोन फाका करून पेरले, की आठ-दहा दिवसांनी उगवतात आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कोथिंबीर काढायला येते. उन्हाचा तडाखा वाढला म्हणजे तिचा पाला दोऱ्यासारखा बारीक होतो, मधून दांडा वर चढतो आणि पांढऱ्या, किंचित गुलाबट फुलांच्या छत्र्या उघडतात. आता तिची चटणी होत नाही. धने पिकायला पेरणीपासून तीन महिने, कधी थोडे अधिकच, लागतात. म्हणजे ती फुलू दिली तर तेवढी जागा आणखी दोन महिने अडली. तेवढ्या वेळात मेथी दोनदा निघाली असती. ज्या घरी जुडीचा भाव विचारल्यावाचून पिशवी पुढे करता येत नाही, त्या घराला हा हिशोब थट्टेचा नाही. ‘सोडून द्या’ असे सांगणाऱ्याने आधी सोडून द्यावयाचे किती आहे ते पाहावे.

मग फुलू का द्यावी? कारण त्या फुलांवर पाहुणे येतात. कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ओवा, जिरे आणि आपले गाजरसुद्धा एकाच कुळातली. त्यांची फुले बारीक व उघडी असतात. मध खोल नळीत दडलेला नसतो. ज्यांची सोंड आखूड त्यांनाही तो मिळतो. सकाळी दहाच्या सुमारास फुललेल्या शेपूपाशी पाच मिनिटे उभे राहावे. मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे असलेली, पण हवेत एका जागी टांगल्यासारखी स्थिर राहणारी बारीक माशी दिसेल. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला मसुरीएवढा ढालकिडा दिसेल. आणि डोळे चांगले असतील तर गांधीलमाशीच्या नात्यातले, पण मुंगीहूनही बारीक असे काही कीटक दिसतील. यांना मध व पराग हवा असतो. त्या पट्टेदार माशीच्या मादीला तर परागावाचून अंडी धरत नाहीत. ती अंडी ती घालते चवळीच्या किंवा कोबीच्या पानामागे, जेथे मावा जमला असेल तेथे. अंड्यातून निघालेली अळी माशी होईपर्यंत शेकडो मावा खाते. बारीक गांधीलमाशी आपले अंडे मावा किड्याच्या पोटात घालते. पानावर फुगलेला, तपकिरी, कागदासारखा वाळलेला मावा दिसला तर तो तिचा उद्योग समजावा, आणि ते पान खुडू नये.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वाफ्यात मावा मुळीच नसेल तर हे रक्षणकर्तेही राहणार नाहीत. ते खाणार काय? फुलावर आलेल्या कोथिंबिरीला तिचा स्वतःचा मावाही लागतो. म्हणजे दार उघडे ठेवले की नको असलेलाही आत येतो, आणि त्याच्या मागोमाग हवा असलेला येतो. पहिला मावा दिसताच जो फवारा उचलतो तो दोघांनाही मारतो. मावा पुन्हा लौकर वाढतो. त्याला खाणारे मात्र सावकाश येतात. फुलांनी पाहुणे बोलवायचे आणि त्याच फुलांवर विष मारायचे, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. ‘घरचा तंबाखूचा काढा’ म्हणून मनाचे समाधान करू नये. तंबाखूही विषच आहे व मधमाशी त्याने मरते. अगदीच वेळ आली तर पाच टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, फुले टाळून.

या विषयावर ऐकीव गोष्टी फार. तुळशीच्या जातीतला सब्जा शेजारी लावला तर टोमॅटोला गोडी येते म्हणतात. त्याला भक्कम आधार मी पाहिलेला नाही. टोमॅटोत झेंडूची दोन रोपे लावली की मुळांच्या गाठी करणारे सूत्रकृमी पळतात, हेही असेच अर्धे खरे. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमींना मारक द्रव्य असते हे खरे. पण त्याचा गुण यायला तो जमिनीवर दाट, सबंध हंगामभर घ्यावा लागतो. दोन रोपे शोभेची. याउलट बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने सांगितलेली पद्धत खरी उपयोगाची आहे: टोमॅटोच्या दर सोळा ओळींना आफ्रिकन झेंडूची एक ओळ. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी अंडी घालायला झेंडूच्या कळ्यांकडे ओढली जाते आणि टोमॅटो पुष्कळसा वाचतो. कोबीच्या पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, हाही त्याच संस्थेचा सल्ला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांच्या मनात येथे काय आले ते मी जाणतो. दुसऱ्यासाठी घाव सोसणारा झेंडू! पुढच्या रविवारचा दाखला तयार. माझी विनंती आहे की हा दाखला देऊ नये. झेंडूने काही पत्करलेले नाही. त्याला आपण तेथे उभे केले, आपल्या टोमॅटोसाठी. ज्याने स्वतःहून दिले आणि ज्याला दुसऱ्याने पुढे केले, त्यांत फरक आहे. हा फरक मुलांच्या मनातून पुसला गेला तर उद्या मोठेपणी ती एखाद्या दुबळ्या माणसाला पुढे करतील आणि त्याला त्याग म्हणतील. दाखला सोपा असला म्हणून तो खरा असतोच असे नाही.

शास्त्राचा बारकाईने अभ्यास करणारा कोणी येथे दुसरी हरकत घेईल. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात, एकोणिसाव्या वचनात, एका शेतात दोन जातींचे बी पेरू नये अशी आज्ञा आहे. मग टोमॅटोत शेपू कसा? हरकत रास्त आहे. ही आज्ञा ज्यांनी सर्वांत कसोशीने पाळली ते यहुदी शास्त्री काय म्हणाले ते पाहावे. त्यांच्या तोंडी परंपरेचा संग्रह, मिश्ना, इ. स. २०० च्या सुमारास पुरा झाला. त्यात सहा मुठी लांब व सहा मुठी रुंद, म्हणजे सुमारे दीड फुटाच्या चौकोनी वाफ्यात पाच जाती पेरायला परवानगी आहे: चार बाजूंना चार आणि मधोमध एक. दीड फुटात पाच! त्यांना भय होते ते सरमिसळीचे, शेजाराचे नव्हे. यशयाचा शेतकरीही (यशया २८) जिरे विखरतो, गहू ओळीने पेरतो, जव नेमल्या जागी आणि काठाला आणखी एक धान्य. प्रत्येकाला आपापली जागा, पण शेत एक. आपला लहानसा वाफा या दोघांच्याही नजरेला खटकला नसता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्याच एकोणिसाव्या अध्यायात, दहा वचने आधी, शेताचे कोपरे कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, ते गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्या, असे सांगितले आहे. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती याच आधारावर. मिश्नात या एका विषयावर सबंध प्रकरण आहे. कोपऱ्याला वरची मर्यादा नाही. खाली मात्र साठातला एक भाग तरी हवा. तो कापून, पेंढी बांधून दारी पोहोचवायचा नाही, उभाच सोडायचा. कोणी न्यावा हे मालकाने ठरवायचे नाही. आपल्या ओळखीचा गरीब पुढे आणि दुसरा मागे, असे करता येत नाही. म्हणजे मालकाचा तो राहिलेलाच नाही. आभार घेण्याची सोयही त्यात ठेवलेली नाही.

खरे सांगायचे तर भाजीपाल्याला कोपऱ्याचा हा नियम लागू नव्हता. जे एकदम कापून साठवले जाते त्यालाच तो होता. म्हणून ‘नियमशास्त्र सांगते, सबब कोथिंबीर सोडा’ असे मी म्हणत नाही. मी एवढेच विचारतो, की उभी सोडलेली ती फुले आणि तो उभा सोडलेला कोपरा यांत नाते आहे काय?

एक विचारवंत चटकन उत्तर देईल: नाही. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली एका दुकानदाराचे उदाहरण घेतले. हा दुकानदार लहान मुलालाही योग्य भावानेच माल देतो, कारण फसवणुकीची ओरड झाली तर गिऱ्हाईक तुटेल. त्याची कृती योग्य आहे, पण तिला नैतिक मोल नाही, असे कांटचे म्हणणे. कारण ती कर्तव्यासाठी केलेली नाही, फायद्यासाठी केलेली आहे. तोच न्याय आपल्याला लावा. मी शेपू फुलू देतो कारण माझ्या चवळीवरचा मावा कमी होतो. हे औदार्य कसले? हा तर सौदा. किड्यांना मी मध दिला, त्यांनी मजुरी दिली.

या म्हणण्यात वजन आहे. जे फायद्यासाठी सोडले ते फायदा संपला की परत घेतले जाते. एखाद्या वर्षी मावा आलाच नाही, किंवा आला आणि पाहुणे आले नाहीत, तर पुढच्या वर्षी हिशोबी माणूस सगळी कोथिंबीर चाळीसाव्या दिवशी कापून मोकळा होईल. माणसांच्या बाबतीत तर हे रोज दिसते. कामवालीच्या मुलाची फी भरतो ती ती टिकून राहावी म्हणून. ती सोडून गेली की मूलही आठवत नाही.

तरीही मला कांटचे सगळे पटत नाही. अनुवाद २४ मध्ये शेतात विसरलेल्या पेंढीची आज्ञा आहे: पेंढी विसरली तर परत आणायला जाऊ नको, ती परक्याची, पोरक्याची व विधवेची. आणि लगेच पुढे वचन जोडले आहे की त्यामुळे तुझ्या हातच्या कामाला आशीर्वाद मिळेल. नियमशास्त्राला लाभाचे नाव घ्यायला लाज वाटत नाही. मात्र पुढे तीन वचनांनी जे कारण दिले आहे ते लाभाचे नाही. ते आठवणीचे आहे: तू मिसर देशात गुलाम होतास हे लक्षात ठेव. लाभ मिळेल असे सांगितले, पण लाभासाठी सोड असे सांगितले नाही. आठवणीसाठी सोड. लाभ आटला तरी आठवण आटत नाही, म्हणून कोपराही आटत नाही. कांटच्या दुकानदाराला ही तिसरी वाट ठाऊक नव्हती असे मला वाटते. त्याच्यापुढे दोनच मार्ग होते, कोरडे कर्तव्य किंवा नफा.

मनात काय होते यावर सारे अवलंबून असते, हे त्या जुन्या शास्त्र्यांनाही ठाऊक होते, आणि गंमत अशी की त्यांनी ते कोथिंबिरीवरच लिहून ठेवले आहे. धन्यासाठी पेरली असेल तर तिच्या पाल्याचा दशांश नाही; पाल्यासाठी पेरली असेल तर पाला व धने दोन्हींचा दशांश द्यायचा. रोप तेच, वाफा तोच; हिशोब पेरणाऱ्याच्या मनाप्रमाणे वेगळा. या बारीक हिशोबाला आपण हसतो. प्रभू येशूने पुदिना, शेप व जिरे यांच्या दशांशाबद्दल परूश्यांना खडसावले (मत्तय २३:२३) हे आपल्याला पाठ असते. पण त्याच वचनाचा शेवट आपण गाळतो. न्याय, दया व विश्वास हे करायचे होते आणि ते दुसरेही सोडायचे नव्हते, असे तो म्हणाला. पुदिन्याचा हिशोब ठेवणे हा दोष नव्हता. पुदिना मोजता मोजता दारातला माणूस दिसेनासा झाला, हा दोष होता.

दारातला माणूस म्हणजे आमच्याकडे बहुधा कढीपत्त्याचा गिऱ्हाईक. कुंपणाला लागून असलेले झाड. फोडणी तेलात पडली की शेजारचे पोर धावत येते. कोणी न विचारताही हात घालतो. अनुवाद २३ मध्ये शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्याबद्दल छान मर्यादा घातली आहे: पोटभर खा, पण भांड्यात भरू नको, कणसे हाताने खुड, विळा लावू नको. फोडणीपुरती काडी तोडणाऱ्यावर खेकसू नये. पिशवी घेऊन येऊन बाजारात नेणाऱ्याला मात्र बोलायला हरकत नाही. त्याने विळा लावला.

साठवण्याबद्दलही थोडे सांगावेसे वाटते. रानात पडलेला मान्ना दिसायला धन्यासारखा होता, असे निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. तो सकाळपर्यंत ठेवला की त्यात किडे पडत. महाग व्हायच्या आत सगळी कोथिंबीर कापून फ्रिजमध्ये दडपणाऱ्या गृहिणीला आठवड्याने काय हाती लागते ते ठाऊकच आहे.

शिक्षकांनी वर्गात करायचेच असेल तर हे करावे. दोन डब्यांत धने पेरावेत. एकातली कोथिंबीर मुलांनी कापून घरी न्यावी. दुसरीला हात लावू नये. फुलावर आली की दर रविवारी मुलांनी तिच्यावर बसलेल्यांची मोजणी करावी, नावे ठाऊक नसली तर चित्रे काढावीत. त्यातून काय शिकायचे ते त्या दिवशी सांगू नये. मुले प्रश्न विचारतील, आणि एखादे विचारील की आम्हाला चटणी मिळाली नाही, ती कोणी खाल्ली? त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने तयार ठेवावे; ते सोपे नाही.

यहुदी परंपरेत विसरलेल्या पेंढीची एक गोष्ट सांगतात. एक भक्तिमान मनुष्य शेतात पेंढी विसरला. घरी आल्यावर ते ध्यानात येताच तो दुःखी झाला नाही. त्याने मुलाला सांगितले, जा, माझ्या वतीने दोन गोऱ्ह्यांचे यज्ञ कर. मुलाने विचारले, एवढा आनंद कशाचा? बाप म्हणाला, इतर सर्व आज्ञा आपण जाणून पाळतो. ही एकच अशी आहे की ठरवून पाळताच येत नाही. पेंढी मुद्दाम विसरता येत नाही. कांटला ही गोष्ट कोणी सांगितली असती तर तो काय म्हणाला असता?

फुलू दिलेल्या कोथिंबिरीचे धने काढायचे ते तपकिरी पडू लागल्यावर, सकाळी दव असताना, म्हणजे गळत नाहीत. कितीही जपले तरी काही गळतातच. पाऊस ओसरला, थंडी पडू लागली, की ते वाफा सोडून भलत्याच जागी उगवतात: पायरीच्या फटीत, नळाजवळ, मोरीकडे जाण्याच्या वाटेवर. पेरलेल्यांपेक्षा ही रोपे जोमदार निघतात. ती कोणाची, पेरणाऱ्याची की विसरणाऱ्याची, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. तोवर मोरीकडे जाताना आम्ही त्यांना वळसा घालून जातो.